सुरंगीच्या तीन बाटल्या

तुम्ही एका बाईला चोर ठरवलंत. ते ठरवताना तुमच्याच शिक्क्याची, तुमच्याच माणसाच्या सहीची बाटली तिच्या देव्हाऱ्यात बंद पडून होती. ती उघडून बघा म्हणून तिने तीन अर्ज केले. तुम्ही एका ओळीत उत्तर दिलंत : "उत्पादकाच्या ताब्यातील नमुना ग्राह्य धरता येत नाही." मग त्यावर शिक्का कशाला मारला होतात? शोभेला?

मी भिकाजी गावस, कारापूरचा. डिचोलीच्या खाणींवर एकतीस वर्षं सॅम्पलर होतो. ढिगातून फावडंफावडं माती उचलायची, कालवायची, चार भाग करायचे, शेवटी जी मूठभर उरेल ती पिशवीत भरून सील करायची. त्या पिशवीवर जहाजभर मालाचा भाव ठरायचा. त्यामुळे नमुन्यात लबाडी कुठून शिरते हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि या प्रकरणात काय झालं ते मी शोधलं आहे. मालाला प्रमाणपत्र देणारं खातं तुमचं, तुमचं काम होतं ते. वाचा.

१

जूनच्या पहिल्या आठवड्यात सत्यवती परब माझ्या दारात आली. पेडण्याच्या कोरगावहून तीन बस बदलून. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तुमचा अहवाल आणि मार्चातली एक पावती.

तिला मी बारा वर्षं ओळखतो. बापाच्या काजूच्या भाटीत, म्हणजे फेणी गाळायच्या भट्टीत, ती सुरंगीचं अत्तर काढते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाच-सहा आठवडे सुरंगी फुलते. कळी उमलायच्या आत, उजाडताना झाडावर चढून ती खुडावी लागते. उमलली की मधमाश्यांची झाली. अठरा बायका तिच्यासाठी खुडतात. तांब्याच्या भाणात, म्हणजे हंड्यात, फुलं, तोंडाला वारुळाच्या मातीचा लेप, खाली मंद आग. जे निघतं ते चंदनाच्या तेलात मुरवायचं. त्यात दुसरं काही नाही.

अहवालात लिहिलं होतं : कृत्रिम पातळक तेरा टक्के, नमुना नैसर्गिक नाही, 'नैसर्गिक' हा शब्द लेबलवर तीन वर्षं वापरण्यास मनाई. पुण्याच्या आणि कन्नौजच्या गिऱ्हाइकांनी त्याच आठवड्यात पाठ फिरवली. गावात बायका तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण पदेराकडे पाव घ्यायला ती उभी राहिली की गप्पा थांबायच्या.

"भिकाजीबाब, तुम्ही मातीतली लबाडी धरत होतात," ती म्हणाली. "माझ्या तेलात ती शिरली खंयसून, तेवढां सांगा."

मी सरळ विचारलं, "तू घातलीस?"

ती चिडली नाही. "घालायचीच असती तर तेराच टक्के कित्याक? झाडां तोडून घराक लाकडां केली असती आणि बाजारातलां तेल बाटलीत भरलां असतां. कोणाक कळतलां होतां?"

"मग आणखी कोणी घातली असेल?"

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलंय. माझ्या नाकाक कळूक नाय." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तीन बाटल्यो माझ्या हातान भरल्यो. तिन्हींचो वास घेतलो. तिन्ही माझ्योच होत्यो."

ते रसायन मी नंतर विचारून घेतलं. डीईपी म्हणतात त्याला. अत्तर पातळ करायला वापरतात. तेलकट, पाण्यासारखं नितळ. आणि त्याला वास नाही.

जिने आयुष्यभर नाकावर भरवसा ठेवला, तिला फसवायला कोणीतरी नेमकं बिनवासाचं निवडलं होतं. म्हणजे त्या माणसाला सत्यवती नीट माहीत होती.

२

दुसऱ्या दिवशी मी कोरगावला गेलो. दारात सुविधा भेटली. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ मातीचा ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात गंजला आणि दीड वर्षात भाऊही गेला. तेव्हा मीच तिला सत्यवतीकडे आणून सोडलं होतं, हाताला काही काम लागेल म्हणून. तिला अकरा वर्षं झाली त्या घरात.

"काका, आधी चाय घेवा, मगे चोर धरा," ती हसून म्हणाली आणि कोप भरून चहा दिला.

सोप्यावर सत्यवतीचा धाकटा भाऊ गौरेश पाय पसरून बसला होता. "ह्ये आयले सीआयडी," तो म्हणाला. "काका, तुमचां वारंट खंय आसा?"

"तुझ्या बहिणीवर आलंय ते वारंट वाच आधी."

तो उठून आत गेला. बहीणभावात भाटीवरून वाद आहे हे मला माहीत होतं. सुरंगी आणि काजू एकाच सुमाराला. भाटी एक. त्याला फेणी काढायची, हिला अत्तर.

मी सत्यवतीला म्हटलं, "एक सांग. हे कृत्रिम वापरलंस तर काय बिघडेल? स्वस्त, बारा महिने मिळतं, भाटीचं भांडण नाही. कशाला एवढा हट्ट?"

ती उठली. एक बाजारातली 'सुरंगी' आणली, कंपनीची, सुंदर खोक्यातली. तिचा थेंब माझ्या डाव्या मनगटावर लावला. उजव्यावर स्वतःचा. "आता घराक जावा. हात धुव नकात. उद्या फोन करा."

मी बसमध्ये बसलो. लोक बघत होते, कारण म्हातारा माणूस दर स्टॉपला आपली मनगटं हुंगत होता. डावं सुरुवातीला जास्त छान वाटलं, हे खोटं कशाला सांगू? गोड, स्वच्छ. उजवं कच्चं होतं, पान चुरगळल्यासारखं. म्हापशाला उजव्याला मध आला. डिचोलीला मध उतरला आणि कसलातरी उबदार, सालीसारखा वास वर आला. कारापूरला जेवायच्या वेळी लाकडी पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखा. डावं? पेडण्यात जे होतं तेच. शब्द न बदलता पाठ म्हणणाऱ्या माणसासारखं. शेवटी डोकं दुखायला लागलं.

सकाळी फोन केला. ती म्हणाली, "कृत्रिमात विष ना, भिकाजीबाब. ज्याक आवडता त्यान लावचां. फक्त खोक्यार तसां लिवचां. पण माझां फूल दरवर्षी वेगळां येता. थंडी कमी पडली तर कडू. एक वर्स तुमच्या खाणीचे ट्रक आमच्या वाटेन धावत होते, झाडां तांबडी झाली. त्या वर्साच्या तेलाक लोखंडाचो वास होतो. मी गिऱ्हाइकांक तसां कळवलां. चौघांनी तरी मागवलां. ज्या तेलात त्या वर्सान काय सोसलां ता कळता, ताच मी इकतंय. दर वर्सा तोच वास दिऊचो झालो तर अठरा बायकांक झाडार कित्याक चढवू?"

मग म्हणाली, "तीन वर्सां बंदी. सुरंगीची झाडां इतकी वर्सां कोणी राखूचो ना. बायका दुसऱ्या कामाक लागतल्यो. मगे शब्द परत दिलो तरी बाटलीत काय भरू?"

पणाला काय लागलं होतं ते मला त्या फोनवर कळलं.

३

आता बाटल्यांकडे येतो.

तुमच्या नियमाप्रमाणे तीन नमुने घ्यायचे. एक तपासणीला, एक तुमच्या कपाटात, एक उत्पादकाकडे. 'नैसर्गिक'च्या प्रमाणपत्रासाठी नमुने घ्यायला रुद्रेश नावाचा तुमचा माणूस आला होता. सत्यवतीने एका तांब्याच्या घड्यातून, एकाच दहा मिलीच्या स्टीलच्या मापाने, तिन्ही बाटल्या त्याच्यासमोर भरल्या. गर्द तपकिरी काचेच्या बाटल्या. लाख लावली, त्याने शिक्के मारले, सह्या केल्या. दोन तो घेऊन गेला. दोन्ही तुम्ही तपासल्यात, दोन्हींत रसायन निघालं.

"तिसरी उघडू?" सत्यवतीने विचारलं.

"हात लावू नकोस. उघडलीस की तुझा साक्षीदार मेला."

मी डिचोलीच्या सोनाराकडून मागून आणलेला काटा मेजावर ठेवला आणि ती बंद बाटली त्यावर ठेवली. सत्तावीस ग्रॅम आणि वर थोडं.

मग पावती काढली. रुद्रेशने तिथेच, सोप्यावर बसून, शिक्के मारल्यावर आपल्या दोन बाटल्यांचं वजन लिहिलं होतं. तुमच्याच छापील फॉर्मात तो रकाना आहे. तो कोणी वाचत नाही, म्हणून तो खरा राहिला. एक अठ्ठावीस पूर्णांक सात. दुसरी अठ्ठावीस पूर्णांक सहा.

"दीड ग्रॅम जास्त," मी म्हणालो.

"लाख कमीजास्त झाली असतली," सुविधा मागून म्हणाली.

"लाखेचा थेंब एवढा जड नसतो." त्याच डझनाच्या खोक्यातल्या उरलेल्या नऊ रिकाम्या बाटल्या मी एकेक करून तोलल्या. सगळ्या सारख्या. काचेचा दोष नव्हता.

सत्यवतीचा हात कपाळाला गेला. "भिकाजीबाब, भरताना दोन बाटल्यो वर आयल्यो. गळ्यापर्यंत. एकीतसून थेंब भायर सांडलो, मी पदरान पुसलो. माका दिसलां काच जाड आसतली."

तिन्हींत माप एकच. मग दोन वर कशा येतात? त्यांच्या तळाशी आधीच काहीतरी असेल तरच. वजन तुमच्या माणसाने दारातच लिहिलं, म्हणजे वाटेत, गाडीत, कार्यालयात, प्रयोगशाळेत कोणी काही केलेलं नाही. बाटल्या भरायच्या आधीच दोघींच्या पोटात ते होतं. नितळ, बिनवासाचं, गर्द काचेत न दिसणारं.

"बाटल्या कुठल्या?"

"डिचोलीच्या गोकुळदासबाबाच्या. पण मी आदल्या दिवशी रिठ्यान धुवल्यो. सकाळी नवाक उन्हात एकेक धरून बघितली. सुक्यो होत्यो. पहिलीक कुंकवाचां बोट लावलां आणि घडो आणूक भाटीर गेलंय."

म्हणजे दुकानदाराने खोक्यात घालून पाठवलेलं नाही. नवानंतर, ती घडा घेऊन येईपर्यंत, अर्ध्या तासात, याच घरात.

"तेव्हा इथे कोण होतं?"

"मी, सुविधा, गौरेश. आणि रुद्रेशबाब येवन बसले होते."

मी गौरेशला हाक मारली. तू कुठे होतास? तो डोळे न उचलता म्हणाला, "मागे. भाटीर."

सत्यवती हळूच म्हणाली, "भाटीर मी होतंय रे, गौरेश. मी एकटीच."

४

गौरेश चप्पल घालून निघून गेला, आणि दोन दिवस त्याने फोन उचलला नाही.

माझा संशय त्याच्यावरच होता. भाटी हवी, बहिणीचा धंदा बसला की मिळाली. वर पेडण्याच्या बाजारात एकाने सांगितलं, गौरेश आणि गोकुळदास चहाला बसलेले त्याने दोनदा पाहिलेत. गोकुळदास नुसत्या बाटल्या विकत नाही. खोक्यातली ती कंपनीची सुरंगी या दोन तालुक्यांत तोच पुरवतो. सगळं जुळत होतं. माती कालवताना ढीग फार लवकर सारखा दिसायला लागला तर आम्ही सॅम्पलर पुन्हा फावडं मारायचो. यावेळी मी मारलं नाही, कारण ढीग मला हवा तसाच दिसत होता.

रुद्रेशची तोपर्यंत बदली झाली होती, त्याला गाठायला महिना गेला. म्हापशाच्या स्टँडवर तो भेटायला आला. तरुण, मडगावकडचा, घाबरलेला.

"मी प्रामाणिकपणे वजन लिहिलं, काका. माझ्यावर आणू नका."

"वजन लिहिलंस म्हणूनच तू सुटलास. पण नमुना कुठला घ्यायचा ते तू ठरवायचं असतं. मालकाला का निवडू दिलंस?"

"त्या म्हणाल्या, कुंकू लावलेली देवाची आहे, ती घरात राहील. मी म्हटलं, ठीक आहे, तीच उत्पादकाची. मला काय फरक पडत होता?"

"गौरेश?"

तो हसला. "त्यांनी मला मिनिटभर सोडलं नाही. मी आल्यापासून बाटल्या भरेपर्यंत सोप्यावर माझ्या समोर. भाटीचा परवाना बहिणीच्या नावावरून आपल्या नावावर कसा होईल, हेच. मी म्हटलं ते माझं खातं नाही. तरी चालूच."

तर गौरेश ते लपवत होता. बहिणीच्या पाठीमागे भाटी मागत होता. गोकुळदासकडेही तो फेणीच्या बाटल्यांसाठीच जात असणार. हलकं काम, पण हे काम नव्हे.

"मग बाटल्या तुम्हा दोघांसमोर होत्या?"

"नाही ना. बाटल्या मागच्या अंगणात वाळत होत्या. बाई घडा घेऊन आल्या तेव्हा बाटल्या तबकातून सोप्यावर आल्या."

माझा चहा अर्धा राहिला. एकतीस वर्षं कोणत्याही पिशवीबद्दल माझा पहिला प्रश्न एकच असायचा : ती कोणाच्या हातात होती? या प्रकरणात तो मी दीड महिना कोणालाच विचारला नव्हता.

रुद्रेशने न विचारताच सांगितलं. "तुमची पुतणीच घेऊन आली ना."

५

मी लगेच मानलं नाही. उत्तर मला नको होतं, म्हणून वाटा शोधत बसलो. मागचं अंगण उघडं आहे, कोणीही येऊन गेलं असेल. रुद्रेश खोटं बोलत असेल. तो आणि गौरेश मिळून असतील.

गौरेशला शेवटी त्याच्या काजूच्या बागेत गाठला. परवान्याचं कळलंय म्हटल्यावर तो खाली बसला.

"होय, मागत होतंय. ती देवच नाय. मगे काय करू?" मग तोच म्हणाला, "काका, पण ताईक चोर मी करूचो नाय. आणि केलाच असता तर असां अर्धवट केलां नसतां."

"म्हणजे?"

"दोनच बाटल्यो कित्याक? तिसरी घरात रवतली, उद्या तीच पुरावो होतली, ह्या शेंबड्या पोराक पण कळता. मी असतंय तर तिन्ही नासवल्यो असत्यो."

"तिसरी देवाची होती."

"देवाक काय मशीन आसा तपासूचां?" तो हसला.

तो पेडण्यातला माणूस असून देवळात जात नाही. सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तिथेच काजूच्या पाचोळ्यात उभा राहून ते उलगडलं.

रुद्रेशला ती रीत माहीत नव्हती. त्याच्यासाठी तिन्ही सारख्या. कुठली त्याच्याकडे येईल हे भरेपर्यंत त्यालाच कळलेलं नव्हतं. त्याने केलं असतं तर तिन्हींत केलं असतं. गौरेशला रीत माहीत होती, पण तिची भीड नव्हती. त्यानेही तिन्हींत केलं असतं. तिन्हींत असतं तर सत्यवती कायमची बुडाली होती. घरातली, देवापुढची बाटलीसुद्धा तिच्याविरुद्ध बोलली असती. ती एकच बाटली स्वच्छ सोडायला वेगळा माणूस लागतो. हंगामातली पहिली बाटली ग्रामदेवी सातेरीची, वर्षभर देव्हाऱ्यात राहते, पुढच्या मार्चात देवळात जाते आणि ते तेल देवीच्या अंगाला लागतं, हे ज्याला माहीत आहे. माणसाला फसवायला ज्याचा हात कापत नाही, आणि कुंकवाच्या बोटाशी मात्र थांबतो.

खुडलेल्या फुलांतली पहिली ओंजळ अकरा वर्षं सातेरीच्या पायरीवर कोण नेऊन ठेवत होतं, ते मला कोणाला विचारायची गरज नव्हती.

६

सुविधा मागच्या पडवीत वाळ्याच्या मुळ्या निवडत बसली होती. श्रावणातलं ऊन पडलं होतं.

"काका, येवा. बस चुकली काय?"

मी बसलो नाही. "देवाची बाटली कित्याक सोडलंस?"

"देवाच्या वाट्यात कसां घालतलंय मी, का..."

तिने तोंडावर हात धरला. मुळ्या मांडीवरून घरंगळल्या.  ज्या पोरीला मी बोट धरून या घरात आणलं, तिनेच या घराच्या मुळावर घाव घातला होता.

मग ती उलट उसळली. "काय नजर लावतास? अकरा वर्सां उजाडूच्या आधी झाडार मी चढलंय. हात भाजले माझे. लेप मी लावतंय, आग मी राखतंय. बाटलीर नाव कोणाचां? सत्यवती परब. पेपरात फोटो कोणाचो? माझो हात तरी दिसता काय त्या फोटोत?"

"म्हणून?"

"गोकुळदासबाब म्हणाले, कंपनी हंय शेड घालतली. बारा महिने काम. सगळ्या बायकांक. मी सुपरवायझर. बायचां तां सर्टिफिकेट फक्त एक वर्स अडकूक होयां, 'पेडण्याची सुरंगी' ह्यां नाव कंपनीक मेळाक. चोर म्हणतले असां कोणीच सांगूक नाय माका!"

"आणि मग?"

"मगे काय? अहवाल आयलो त्या दिसापासून फोन उचलणत नाय ते." ती रडायला लागली. "सिरिंज त्यांनीच दिली. दर बाटलीत दीड मिली घाल म्हणाले, कमी नको. धाच्या खाली असलां तर आकडो धरणत नाय म्हणान."

"कोण धरत नाही?"

"तपासणारे. धा टक्क्यांच्या खाली कृत्रिम मेळलां तर सोडतत, म्हणाले."

दाराशी सत्यवती उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. सुविधा तिच्या पायाशी जायला लागली तशी ती दोन पावलं मागे सरली.

"गो, नाव होयां होतां तर मागूचां," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मी लेबलार तुझां नाव आधी घातलां असतां. मागल्या वर्सा मीच म्हणालंय ना, सुविधा, माझ्यामागे ही भाटी तुझी? गौरेशाक दिली नाय ती तुझ्यासाठी. तुका ती मस्करी दिसली?"

सुविधाला ते खरंच मस्करी वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. इतकी वर्षं एका चुलीशी बसून दोघींनी ही एक गोष्ट नीट बोलून घेतली नव्हती.

"त्या दिवशी तिन्ही बाटल्यांचो वास घेताना तू माझ्या बाजूक उभी होतंस," सत्यवती म्हणाली. "माझ्या नाकाकडे बघत होतंस. माका वाटलां, शिकता." मग तिने आतून सुविधाची पिशवी आणून पायरीवर ठेवली. "भिकाजीबाब, हिका घेवन जावा. आजच."

आम्ही एकाच बसने आलो. ती पुढे बसली, मी मागे.

७

सुविधाने सगळं लिहून दिलं आहे. डिचोलीला वकिलासमोर सही केली आहे. रुद्रेशने वजनाबद्दल लिहून दिलं आहे. सत्यवतीची बाटली अजून बंद आहे, शिक्का तुमचा, सही तुमची. हे सगळं सप्टेंबरात तुमच्याकडे पोचलं, पोच माझ्याकडे आहे. नोव्हेंबरात तुम्ही कळवलंत : "प्रकरण निकाली काढण्यात आले आहे." मधल्या काळात 'पेडण्याची सुरंगी' हे नाव तुम्ही त्या खोकेवाल्या कंपनीला देऊन टाकलंत. तिच्या बाटलीत सुरंगीचं एक फूल नाही. ते तुमच्या यंत्राने कधी तपासलं?

सत्यवती पोलिसांत गेली नाही. तुमचे लोक गावात म्हणतात, गेली नाही म्हणजे तिच्याच मनात पाप. ती गेली नाही कारण त्या मुलीला तिने स्वतःच्या हाताने जेवू घातलंय. तुम्हाला ते कळणार नाही, सोडा.

माझ्या घरातल्या चोराला मी पकडून तुमच्यापुढे उभं केलं. माझ्या भावाची मुलगी आहे ती. अजून तिच्याशी माझं धड बोलणं झालेलं नाही. आता तुमच्या घरात बघा. दहा टक्क्यांच्या खाली कृत्रिम सापडलं तर तुम्ही सोडून देता, हा नियम कुठे छापलेला नाही. मी शोधला. रुद्रेश तुमच्या खात्यात चार वर्षं आहे, त्यालाही माहीत नव्हता. मग डिचोलीच्या बाजारात बाटल्या विकणाऱ्या गोकुळदासला तो कोणी सांगितला? हे मी दोनदा लेखी विचारलं आहे. तुमच्यातला कोण, त्याचं नाव हवं.

फेब्रुवारी लागला आहे. कोरगावच्या झाडांवर कळ्या दिसायला लागल्या आहेत. अठराजणींतल्या पाच दुसरीकडे लागल्या. उरलेल्या तेराजणी येत्या सोमवारी सत्यवतीच्या अंगणात येऊन विचारणार आहेत, यंदा झाडावर चढायचं की नाही. कळी दोन दिवस थांबत नाही, तुमच्या फायलीसारखी.

त्यांना तिने काय सांगायचं? चढा, की नको? सोमवारच्या आत सांगा. लेखी, आणि खाली तुमच्या नावानिशी.